डावीकडून आलेला आवाज

४ मार्च, मंगळवार

इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचं नाट्यसमीक्षा मंडळ माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "वीबे, तुम्हाला नाटकातलं काही कळत नाही हे फारच उत्तम. मार्गदर्शकाने स्वतःचं मत द्यायचंच नसतं."

मी भूगोल शिकवतो. पन्नाशीला आठ महिने उरले आहेत. आजवर एकच नाटक पाहिलं, लग्नानंतर, विनिपेगला, अ‍ॅनाच्या हट्टाने. त्यातलं आठवतं ते एवढंच, की दिवे मालवले तेव्हा तिने माझा हात धरला. लहानपणी शोनटाल गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत रंगमंच नव्हता. एक शेगडी होती, एक नकाशा होता, आणि नकाशावर समुद्राच्या जागी ओल आलेली होती. चर्चमध्ये पियानोसुद्धा नव्हता. पुढच्या बाकावर चार पुरुष बसत, त्यांतले एक माझे वडील. ते ओळ उचलत, आणि मग सगळं गाव त्यांच्या मागून गाऊ लागे, इतकं संथ, की एका कडव्यात बाहेरचं ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाई. गाणं संपलं की शांतता. छान गायलात, असं कोणी कोणाला म्हणत नसे.

आता मुलांना गाण्यावर मत लिहायला शिकवायचं आहे. प्रार्थनेत मदत मागितली. नेमकी कसली, ते मलाच नीट सांगता आलं नाही.

६ मार्च, गुरुवार

मंडळ म्हणजे दोन जण. बाकीचे हॉकीचे सामने सुरू झाल्यावर पांगले. योनास पेनर अकरावीत आहे आणि गप्प बसणं त्याला आजारपणासारखं वाटतं. फ्रीडा टेव्ज दहावीत आहे. तिला काही विचारलं की ती आधी खिडकीकडे बघते आणि मग उत्तर देते.

नियमांची पुस्तिका मोठ्याने वाचली. जिल्ह्यातल्या शाळा एकमेकींची संगीत नाटकं पाहायला आपले समीक्षक पाठवतात. प्रयोगानंतर सगळे गोल बसून बोलतात, मग ज्याने त्याने आपापला लेख लिहायचा. निवडलेला लेख पुढच्या शनिवारच्या प्रयोगाआधी त्या नटांसमोर वाचला जातो आणि साप्ताहिकात छापला जातो. गोष्ट सांगत बसायचं नाही. गाणं, नाच, वादकांचा ठेका, दिवे, नेपथ्य, सगळ्याकडे लक्ष द्यायचं. कोणाच्या अंगकाठीवर बोलायचं नाही. 'सुंदर' म्हणायचं असेल तर काय दिसलं, काय ऐकू आलं, ते सांगायचं. आणि मार्गदर्शकाने मत द्यायचं नाही.

"म्हणजे सर, तुम्ही पंच," योनास म्हणाला. "पण शिट्टी नसलेले."

"तसं समज."

"आणि मला नाटक आवडलंच नाही तर?"

"का नाही आवडलं ते लिही."

"खुर्ची टोचत होती म्हणून?"

"मग खुर्चीबद्दल लिही. पण खुर्चीचा राग नटावर काढू नकोस."

फ्रीडा हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, आमच्या पंथात नाटकाला कोणी जात नाही. बाबांनी एकाच अटीवर सोडलंय. जे पाहिलं-ऐकलं तेच सांगायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. छापून आलं तर ते वाचणार आहेत."

तिचे वडील हेन्री टेव्ज मला माहीत आहेत. गुरांच्या बाजारात आपल्याच गाईची खोड आधी सांगून मग किंमत बोलणारा माणूस.

९ मार्च, रविवार

उपासनेनंतर तीनाकडे दुपारची कॉफी, पाव, चीज आणि रुबार्बच्या आंबट देठांचा जॅम. माझी ही थोरली बहीण मला अजून आठ वर्षांचा समजते.

"कोर्नी, तू नाटकवाला झालास म्हणे."

"पाहायला जायचंय फक्त."

"तसंच म्हणतात सगळे. आधी पाहायला." तिने माझ्या ताटात आणखी एक पाव ठेवला. मग हळूच म्हणाली, "आजही गायला नाहीस तू. माझ्या बाकावरून दिसतं मला."

मी जॅमची चव चांगली झाल्याचं सांगितलं.

११ मार्च, मंगळवार

भूगोलाच्या खोलीचे पडदे ओढून, दिवे बंद करून, अंधारात टिपणं घ्यायचा सराव केला. योनासच्या सगळ्या ओळी एकमेकींवर चढल्या. तो म्हणाला हे कोंबडीचं हस्ताक्षर आहे आणि ती कोंबडीसुद्धा घाईत होती. फ्रीडाची युक्ती चांगली होती. डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा आणि प्रत्येक ओळीनंतर एक बोटभर खाली सरकवायचा.

मग मला जे एकच येतं ते मी त्यांना दिलं. म्हटलं, एक गाणं डोळे मिटून ऐका. लहानपणी चर्चमध्ये मी डोळे मिटून बसायचो आणि कोण कुठे बसलंय ते ओळखायचो. डोळा कपड्यांकडे जातो, उजेडाकडे जातो. कान बसल्या जागी राहतो.

"आणि झोप लागली तर?" योनास.

"तर तसं लिही. प्रामाणिक मत आहे ते."

१५ मार्च, शनिवार

सँ-ओदिलच्या शाळेचं संगीत नाटक पाहून आलो. जेवणाआधी लिहून टाकतो. जेवल्यावर मनात असलेलं निसटून जाईल असं वाटतं.

जाताना रस्त्यावरून बर्फाची भुकटी धुरासारखी आडवी वाहत होती. पुढची गाडी दिसेना. आपण रस्त्यावरून नव्हे, ढगावरून चाललो आहोत असं वाटत होतं. समीक्षकांची खोली म्हणून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिली होती. परीक्षानळ्यांशेजारी मेपलच्या साखरेची टार्टं मांडली होती. सात शाळांची सोळा मुलं. नाटक बसवणाऱ्या मादाम ग्रावेल फार आतिथ्यशील बाई आहेत. त्यांनी अभिमानाने सांगितलं, "माझी मुलं माइकशिवाय गातात. ज्याचा गळा, त्याचाच आवाज."

दारात नायिकेचं काम करणारी सिमोन भेटली. नाकापर्यंत मफलर, हातात मध घातलेलं गरम पाणी. मी शुभेच्छा दिल्या तर तिने नुसती मान हलवली. मला वाटलं, अबोलपणात आमच्या गावचीच शोभेल ही.

नाटकाचं नाव 'हिवाळी टपाल'. आदेल नावाची टपालवाली गोठलेल्या सरोवरावरून कुत्र्यांच्या घसरगाडीने पत्रं पोचवते. पहिल्या अंकात सिमोनचा आवाज उंच आणि पातळ होता. दोनदा तो तळाशी घासला. मी ते थंडीच्या माथी मारलं. कुत्र्यांचा नाच फार गोड होता. पडदा प्रत्येक प्रवेशाला सुरीने कापल्यासारखा अचूक पडत होता. योनासने त्याची टीप घेतली.

मध्यंतरात मादाम ग्रावेल खोलीत आल्या. "काही प्रश्न?" एवढं विचारलं आणि कोणी तोंड उघडायच्या आत निघूनही गेल्या. हातातली टार्टांची बशी द्यायचीही राहून गेली. इतक्या मुलांना सांभाळायचं म्हणजे माणूस दमणारच. दुसरा अंक बारा मिनिटं उशिरा सुरू झाला.

मग ते पत्राचं गाणं आलं. सरोवरात बुडून गेलेल्या माणसाच्या नावाचं पत्र आदेलच्या हातात येतं. ते कोणाला द्यायचं? ती बर्फावर एकटी उभी राहून गाते. मी मुलांना सांगितलं होतं, म्हणून मीही डोळे मिटले.

पुढचं कसं लिहू? आवाज आला तो खालच्या पट्टीतला, कुठल्या तरी कापडाआडून आल्यासारखा मऊ, डाव्या बाजूने. त्याला घाई नव्हती. मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. जून महिना, खिडकी उघडी, अ‍ॅना गुणगुणत मटार सोलते आहे. एक एक दाणा भांड्यात पडतो आहे आणि त्याचा नाद गाण्यात मिसळतो आहे. ती शब्दाच्या मधेच श्वास घ्यायची. शब्द तुटायचा, आणि तुटल्या जागी काहीतरी उजळायचं. तसाच श्वास आज मला ऐकू आला. ती गेल्यावर चार वर्षांनी. मी हललो नाही. हललो असतो तर ती थांबली असती.

डोळे उघडले तेव्हा सिमोन प्रकाशात उभी होती आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका डोळे टिपत होत्या. पडदा पडायला या वेळी बराच उशीर लागला. ती बिचारी उजेडात नुसती उभी.

नंतर मुलं गोल बसली. प्रत्येकाने बोलायचं, मी ऐकायचं. सगळ्यांनी पत्राच्या गाण्याची स्तुती केली. सिमोनचा आवाज त्या गाण्यात वयात आला, असं एक मुलगी म्हणाली, आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. फ्रीडाची पाळी आली. ती खिडकीकडे बघत राहिली.

"मला वाटतं ते गाणं सिमोन गायली नाही," ती म्हणाली. "आवाज मधून आला नाही. डावीकडून आला."

मुलं हसली. आवाज 'वयात आला' म्हणणारी मुलगी म्हणाली, "अगं, मी दुसऱ्या रांगेत होते. तिच्या मानेची शीर दिसत होती मला!"

"मी डोळे मिटले होते," फ्रीडा म्हणाली.

"हा, मग बरोबर," योनास म्हणाला. "बाकी सगळे चुकले, डोळे उघडे ठेवून बसले."

आणखी हशा. योनासच्या मनात वाईट नव्हतं, पण फ्रीडाचे कान लाल झाले.

लेख रविवारी दुपारपर्यंत द्यायचा असतो. रविवारी आम्ही काम करत नाही, म्हणून आमची दोघं तिथेच बसून लिहीत होती. साडेपाचला फ्रीडाने कागद पुढे केला. इतकं स्वच्छ लिखाण मी आमच्या शाळेत वाचलेलं नाही. बर्फासाठी वापरलेल्या पांढऱ्या चादरींबद्दल तिने लिहिलं होतं, 'त्यांना धुतलेल्या कपड्यांचा वास येत होता, आणि त्यामुळे ते सरोवर कोणाच्या तरी घरचं वाटलं.' आणि शेवटी: 'पत्राच्या गाण्यातला आवाज पहिल्या अंकातला नव्हता. तो डावीकडून आला.'

मी म्हटलं, "फ्रीडा, हे वाक्य काढावं लागेल. याला आधार नाही. त्या मुलीवर आळ येईल."

"सर, तुम्ही माझ्या शेजारीच होतात. तुमचेही डोळे मिटलेले होते. मी पाहिलं. तुम्हाला कुठून ऐकू आलं?"

"मार्गदर्शकाला मत देता येत नाही."

"मी मत नाही विचारलं."

मी पेन्सिलने वाक्यावर रेघ मारली. मला जे ऐकू आलं ते माझं होतं. ते या मुलीच्या तंट्यात कसं आणू? तिने कागद परत घेतला, वाक्य गाळून स्वच्छ प्रत केली आणि दिली. येताना गाडीत योनाससुद्धा बोलला नाही.

१६ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये गाणं सुरू झालं तेव्हा मी पुन्हा डोळे मिटले. काही आलं नाही. नुसतीच माणसं गात होती.

पण शनिवार माझ्याजवळ आहे. दिवसभर तो खिशातल्या उबदार दगडासारखा चाचपत होतो. देवाने दिलेलं कोणाला दाखवायचं नसतं, असं वडील म्हणायचे. संध्याकाळी अंगणात उभा राहिलो. छपराचं बर्फ वितळून थेंब पडत होते. मध्येच एक थेंब चुकायचा, मग दोन एकदम.

१८ मार्च, मंगळवार

फ्रीडाचा लेख निवडला गेला. समीक्षक मंडळाच्या प्रमुख मिसेस हॅल्डोरसन यांचं पत्र आलं. शनिवारी तो नटांसमोर वाचायचा, मग छापायचा. मुख्याध्यापकांनी माझ्याशी जोरात हस्तांदोलन केलं. मी आनंदाने फ्रीडाला बोलावलं.

तिने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "माझं नाव काढता येईल का?"

"का?"

"लेखात लिहिलंय की गाणं सिमोनने गायलं. मी तसं ऐकलेलं नाही."

"तू तसं कुठे लिहिलंयस? तू फक्त एवढंच लिहिलंस की त्या गाण्याने..."

"वाक्य काढल्यावर त्याचा तोच अर्थ होतो सर. बाबा वाचतील आणि विचारतील, ती मुलगी असं गायली होती? मी काय सांगू?"

मी तिला समजावलं की गर्दीत कान फसतो. नाटकाच्या अंधारात माणसाला काहीही ऐकू येतं, अगदी दूरचंही. हे बोलताना माझा स्वतःचा आवाज मला परका वाटला.

ती खिडकीकडे बघत राहिली. "दूरचं नव्हतं ते. जवळचं होतं. तिला गायची सवय नव्हती. शब्दाच्या मधेच श्वास घेत होती."

घंटा झाली म्हणून ती गेली. मी बराच वेळ बसून राहिलो. नववीची मुलं आत येऊन खिडक्या उघडेपर्यंत.

१९ मार्च, बुधवार

मागची पानं उलटून पाहिली. शनिवारच्या पानावर मीच लिहिलं आहे. डाव्या बाजूने. शब्दाच्या मधे श्वास. माझं अक्षर, माझी शाई. श्वासाचं मी तिला बोललो नव्हतो, आणि मी हे लिहिलं तोवर तिनेही ते बोलून दाखवलं नव्हतं. दोन माणसांनी एकच आवाज ऐकला.

म्हणजे तो त्या सभागृहात होता.

शाळा सुटल्यावर गाडी तिथेच ठेवून ओढ्याच्या पुलापर्यंत चालत गेलो. बर्फाखालून पाणी वाहत असल्याचं कळत होतं, दिसत नव्हतं. पुलावर उभं राहून मी स्वतःला स्पष्ट विचारलं. फ्रीडा खरी असेल तर अ‍ॅना नव्हती. तिथे कोणी मुलगी होती, पडद्यामागे, चौदा-पंधरा वर्षांची, सँ-ओदिलची. अ‍ॅना खरी असेल, तर फ्रीडा खोटी. आणि मी गेल्या शनिवारी पेन्सिल हातात घेऊन अ‍ॅनाला निवडलं. निवडतो आहे हे न कळता. किंवा थोडं कळत असताना.

एक माणूस पुलावरून ट्रक घेऊन गेला. त्याने थांबून विचारलं, "गाडी बंद पडली का?"

"नाही. चालतोय."

"इतक्या थंडीत?" तो म्हणाला आणि काच वर केली.

परत येईपर्यंत पाय बधिर झाले होते. कोणी तरी मुलगी मला गाणं ऐकवून गेली, आणि मी तिचं नावही विचारलं नाही.

२० मार्च, गुरुवार

मिसेस हॅल्डोरसनना फोन केला. सांगितलं की फ्रीडाचं एक वाक्य मी गाळायला लावलं, ते परत घालायचं आहे. वाक्य वाचून दाखवलं.

"मिस्टर वीबे, हे फार मोठं विधान आहे. एका मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांवर?"

"दोघांच्या. मीही ऐकलं."

"मार्गदर्शकाला मत..."

"हे मत नाही. कोण चांगलं गायलं ते मी सांगत नाही. आवाज कुठून आला तेवढं सांगतोय."

"नियमाला तो फरक कळत नाही." त्यांचा स्वर कडक नव्हता. "प्रेक्षक म्हणून तुम्ही साक्ष देऊ शकता. मार्गदर्शक म्हणून नाही. दोन्ही एकदम होता येणार नाही."

"मग मी प्रेक्षक."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही हे पद एवढ्या लवकर सोडाल असं वाटलं नव्हतं. बरं. पण एक अट. कोणावर आरोप नको. काय नव्हतं ते लिहू नका, काय होतं ते लिहा."

जेवणाच्या सुट्टीत फ्रीडाला सगळं सांगितलं. अ‍ॅनाचंही सांगितलं, एका वाक्यात. मला वाटलं होतं जड जाईल. ती खिडकीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं सर?"

"मला ते ठेवायचं होतं."

तिने मान हलवली. मग वही काढून ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. सात वेळा खोडलं. योनास शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. सातव्या वेळी म्हणाला, "आता राहू दे. याच्यावर मीसुद्धा हसणार नाही."

संध्याकाळी तीनाचा फोन. "दोन आठवड्यांत हाकललं तुला नाटकातून?"

"मीच सोडलं."

"बाबांना आवडलं असतं," ती म्हणाली, आणि मग लगेच, "म्हणजे नाटक सोडलेलं."

२२ मार्च, शनिवार

मी आता मार्गदर्शक नाही, म्हणून फ्रीडाला तिचे वडीलच घेऊन आले. हेन्री टेव्ज टोपी हातात धरून सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. आत यायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. मी तिकीट काढून आलो होतो. लेख वाचताना मागे उभं राहू देण्याची विनंती मादाम ग्रावेलना केली. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे न बघता होकार दिला.

नट मंडळी रंगभूषा करून रंगमंचावर बसली होती. कुत्र्यांचे कान लावलेली मुलं पुढे. सिमोन मध्यभागी, गळ्याला तोच मफलर. फ्रीडा खाली उभी राहून वाचू लागली. धुतलेल्या चादरींचं वाक्य आलं तेव्हा कपडेपटातली एक बाई तोंडावर हात ठेवून हसली. कुत्र्यांच्या नाचाला मुलांनी भुंकून दाद दिली. मग फ्रीडा थांबली, अंगठा ओळीवर ठेवला आणि वाचलं:

"पत्राचं गाणं मी डोळे मिटून ऐकलं. ते मला डावीकडून, पडद्याच्या बाजूने ऐकू आलं. गाणारीला सवय नसावी, कारण ती शब्दाच्या मधे श्वास घेत होती. त्या श्वासामुळे मला कळलं की पत्र पोचवणंही कठीण असतं. ती कोण आहे मला माहीत नाही. तिचे आभार मानायला मला कोणाकडे बघावं तेही माहीत नाही."

भुंकणारी मुलं सिमोनकडे बघू लागली. मादाम ग्रावेल जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मध्यंतरात सिमोनचा आवाजच गेला. सांगायला वेळ नव्हता. आणि नंतर... नंतर टाळ्या इतक्या झाल्या की सांगायचं राहून गेलं." त्या अडखळल्या. "आजही तसंच करणार होतो आम्ही. अजून तिचा गळा पूर्ण सुटलेला नाही."

फ्रीडाने मागे दाराकडे पाहिलं. हेन्री टेव्ज आत आले होते. किती पावलं, ते मोजलं नाही, पण दार त्यांच्या मागे होतं.

सिमोन उठली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "थांबा," आणि डाव्या विंगेत गेली. आतून कुजबूज ऐकू आली, मग कोणी तरी ओढाताण करत असल्यासारखे पाय वाजले. तिने बाहीला धरून जिला बाहेर आणलं ती ठेंगणी मुलगी होती, नखशिखांत काळ्या कपड्यांत, हातात जाड चामड्याचे मोजे.

"ही," सिमोन म्हणाली. "नोएमी कार्दिनाल. पडदा ओढते. सगळी गाणी पाठ आहेत हिला, माझ्यापेक्षा जास्त. मी नुसते ओठ हलवले. आज पत्राचं गाणं हीच गाणार, समोर येऊन. मादाम, मी माझं पत्र हिच्या हातात देईन आणि बाजूला उभी राहीन. चालेल ना?"

मादाम ग्रावेल यांनी मान हलवली. मग टाळ्या सुरू झाल्या. पोरं पाय आपटू लागली. मी नोएमीकडे पाहत होतो. अ‍ॅनाचं तिच्यात काहीच नव्हतं. बसकं नाक, कपाळावर एक मोठा तीळ, भेदरलेले डोळे. मी तसाच पाहत राहिलो. वाईट वाटेल अशी मी वाट पाहत होतो. तसं झालं नाही.

"पण मादाम," नोएमी टाळ्यांच्या वर आवाज चढवून म्हणाली, "मी पुढे आले तर दोरी कोण धरणार? तो पडदा जड आहे. या कुत्र्यांना नाही झेपायचा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला काम होतं. मी हात वर केला. का केला, ते हे लिहितानाही मला सांगता येत नाही.

"तुम्ही समीक्षक ना?" नोएमीने विचारलं.

"होतो. आता रिकामा आहे."

तिने मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग मोजे काढून दिले. ते आतून ओले होते. विंगेत नेऊन तिने दोरी दाखवली, पाय कसे रोवायचे ते दाखवलं. "माझं गाणं संपलं की लगेच ओढायचं नाही हं. तीन मोजायचे. गेल्या वेळी मलाच ओढायचा होता, म्हणून उशीर झाला. मोजता येतं ना नीट?"

"येतं."

दुसऱ्या अंकात ती माझ्यापासून सहा पावलांवर उभी राहून गायली. तिच्या मानेमागचे आखूड केस आणि पाठीमागे घट्ट धरलेली तिची मूठ मला दिसत होती. ती शब्दाच्या मधे थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. गाणं संपलं. मी पाय रोवले आणि तीन मोजले. पलीकडे अंधारात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी आणखी थोडा थांबलो, आणि मग दोरी ओढली.